गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतो, एमसीबी मात्र पडत नाही: दोष कसा शोधायचा

२००० वॅटचा साठवणीचा गिझर, १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच एमएमची वायर, १६ चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). कागदावर सगळं बरोबर. तरी चार-सहा महिन्यांनी प्लग टॉपची एक पिन काळी पडते, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन तडकतं आणि बाथरूमच्या बाहेर जळका वास सुटतो. वायरमन नवा प्लग बसवून जातो. पुढच्या थंडीत पुन्हा तेच.

मग घरातले अंदाज सुरू होतात. गिझर जास्त लोड घेतो, व्होल्टेज कमी-जास्त होतं, एमसीबी खराब आहे, मोठा टाका. शेवटचा सल्ला तर ऐकूच नका. १६ च्या जागी ३२ चा एमसीबी टाकल्याने प्लग जळायचा थांबत नाही, फक्त मागच्या वायरचं संरक्षण जातं.

आधी गिझर निर्दोष आहे का ते बघू. त्याला दोन सूत्रं पुरतात: ओहम (म्हणजे रोध, करंटला होणारा अडथळा) = व्होल्ट ÷ अँपिअर आणि वॅट = व्होल्ट × अँपिअर. बाकीची सगळी यांच्याच पोटातून निघतात.

गिझरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलेलं असतं. २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. २३० ÷ ८.७ = साधारण २६.४ ओहम. पण कॉइलवर मीटर लावून नेमके २६.४ आले नाहीत म्हणून ती बाद ठरवू नका. तापवणाऱ्या उपकरणाच्या वॅटमध्ये पट्टीपेक्षा ५ टक्के जास्त किंवा १० टक्के कमी एवढा फरक मानकात मान्य आहे. म्हणजे या गिझरची कॉइल २५.२ ते २९.४ ओहम यांच्यामध्ये कुठेही असली तरी ठीक. मोजताना एमसीबी बंद, कॉइलच्या दोन्ही वायर सुट्या, मीटर २०० ओहमवर. मोजण्याआधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवा. ०.३ किंवा ०.४ असा काहीतरी आकडा दिसेल. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा, नंतरच्या आकड्यातून वजा करायचा. २६.७ दिसले आणि वायरींचे ०.३, म्हणजे कॉइल २६.४.

कॉइल ठीक निघाली की चालू गिझरचा करंट बघायचा. क्लॅम्प मीटरचा जबडा एकाच वायरभोवती हवा, फक्त फेज किंवा फक्त न्यूट्रल. गिझरच्या तीन कोअरच्या आख्ख्या केबलभोवती जबडा लावून ‘करंट शून्य दाखवतोय’ अशी तक्रार नेहमी येते. जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडतात, मीटरची काही चूक नसते. डीबीत (घरातले एमसीबी बसवलेल्या पेटीत) एमसीबीच्या खालून निघणारी एकटी वायर यासाठी सगळ्यांत सोयीची.

क्लॅम्प मीटर नसेल तर घराचा वीजमीटरच वापरता येतो. त्याच्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि वायफायसुद्धा. फक्त गिझर चालू ठेवा आणि २० लुकलुकींना लागणारे सेकंद मोजा. पहिली लुकलुक शून्य धरायची, एक नाही. इथे हमखास चुकतं. मग

वॅट = ३६,००,००० × २० ÷ (३२०० × सेकंद)

११.९ सेकंद लागले तर उत्तर सुमारे १८९० वॅट. त्याच वेळी बोर्डावर २२५ व्होल्ट आणि क्लॅम्पवर ८.४५ अँपिअर दिसत असतील तर गुणाकार १९०१ वॅट येतो. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास तेच उत्तर मिळालं, म्हणजे मोजमापावर विश्वास ठेवायला हरकत नाही. २००० च्या जागी १९०० का? व्होल्टेज २३० नाही, २२५ आहे म्हणून. कॉइलचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतात. २०० व्होल्टला हाच गिझर १५०० वॅटच देतो.

या गिझरचा करंट साडेआठच्या आत आहे. १६ चा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तर तासभर हूं की चूं करत नाही. तो निम्म्या भारावर निवांत बसलाय आणि तिकडे प्लग जळतोय. जास्त लोडचा मुद्दा इथेच निकालात निघाला.

कमी व्होल्टेजचाही. कॉइलला व्होल्टेज कमी मिळालं की करंटही कमी होतो: २०० व्होल्टला ७.५६ अँपिअर. प्लग उलट थंड राहायला हवा. कमी व्होल्टेजला करंट वाढतो तो भार ओढणाऱ्या मोटरचा, बोअरच्या पंपासारख्या. पंपाचा अनुभव गिझरला चिकटवल्यामुळे हा गैरसमज पसरलाय. पहाटे व्होल्टेज २५० ला गेलं तर मात्र करंट साडेनऊला पोचतो आणि आधीच सैल असलेला जोड तेव्हा जास्त तापतो.

मग उष्णता येते कुठून?

फेज पिन आणि सॉकेटच्या आतली पितळी पकड यांच्या जोडातून. तिथे ओहमचा अगदी छोटा अंश तयार झालेला असतो. त्यातून तेवढाच ८.४५ अँपिअर जातो आणि सगळी उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत निघते.

हा अंश साध्या मीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाही. मीटरच्या वायरींचेच ०.३ ओहम असतात आणि आपण शोधतोय त्याच्या निम्मं. शिवाय ओहम रेंजवर मीटर जोडातून अगदी थोडा करंट सोडतो. थंड, नुकताच हलवलेला जोड तेवढ्यापुरता चांगला दिसतो.

वजाबाकीची युक्तीही चालत नाही. २२५ ÷ ८.४५ = २६.६३ ओहम, कॉइल २६.४ ओहम, म्हणजे जोडात ०.२३? दिसायला सोपं आहे. पण क्लॅम्प मीटरची अचूकता २ टक्के धरली तरी २६.६३ हा आकडा अर्धा ओहम इकडे-तिकडे असू शकतो. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटा आकडा काढणं म्हणजे ट्रक वजनकाट्यावर चढवून ड्रायव्हरचं वजन काढणं. काटा खोटा नाही, कामच त्याचं नाही.

जोडाच्या दोन बाजूंमध्ये, गिझर चालू असताना, किती व्होल्ट पडतात ते थेट मोजायचं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात आणि या पोस्टमधलं खरं काम तेवढंच आहे.

ड्रॉप मोजताना

हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. झाकणं उघडी आणि लाइन चालू अशी स्थिती काही मिनिटं येते. नियम एकच: क्लिपा आधी, वीज नंतर. चालू लाइनवर प्रोब धरून उभं राहायचं नाही.

मीटर एसी व्होल्टचा हवा आणि आपोआप रेंज बदलणारा. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीच्या २०० आणि ७५० अशा दोनच रेंज असतात. तिथे ०.१ व्होल्टच्या खालचं काही दिसत नाही, ते या कामाला तोकडे पडतात. हाताने निवडायच्या मिलिव्होल्टच्या रेंजवरही मीटर ठेवू नका. मध्येच पकड सुटली तर त्याच दोन टोकांवर पूर्ण २२५ व्होल्ट येतात.

एमसीबी बंद करा. वीज गेल्याची खात्री मीटरने करा, निव्वळ टेस्टरवर विसंबू नका. बोर्डाची प्लेट सोडवून पुढे ओढा. सॉकेटच्या मागे फेजच्या स्क्रूखाली जाणाऱ्या वायरच्या उघड्या तांब्यावर एक क्रोकोडाइल क्लिप लावा. स्क्रूच्या डोक्यावर लावू नका. डोक्यावर लावली की वायर आणि टर्मिनल यांच्यातला जोड मोजणीतून निसटतो आणि निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. दुसरी क्लिप गिझरच्या खालच्या झाकणाआड, जिथे केबलची फेज वायर टर्मिनलवर येते तिथे. मीटरची वायर पुरत नसेल तर इन्सुलेशनवाली एक बारीक वायर जोडून वाढवा. तिच्यातून मीटरपुरताच करंट जातो, त्यामुळे तिच्या ओहमने काही बिघडत नाही. क्लिपा कशाला टेकत नाहीत ना, ते बघा. आता प्लग नेहमीसारखा सॉकेटमध्ये, टाकीत पाणी भरलेलं. हात बाजूला घेऊन एमसीबी चालू करा.

गिझरचा दिवा लागलाय याची खात्री करा. पाणी आधीच तापलेलं असेल तर थर्मोस्टॅट बंद असतो, करंट शून्य, ड्रॉपही शून्य, आणि ‘सगळं ठीक’ असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी होतात. दहा मिनिटं चालू द्या. तापल्यावरच जोड खरा रंग दाखवतो.

समजा मीटरवर १.५७ व्होल्ट आले. हे सगळे जोडाचे नाहीत, यात गिझरच्या केबलचाही वाटा आहे. दीड एमएमच्या लवचीक तांब्याच्या कोअरला दर मीटर लांबीला ०.०१३३ ओहम. केबल दीड मीटर, म्हणजे ०.०२ ओहम. ८.४५ अँपिअरला ०.१७ व्होल्ट. उरले १.४ व्होल्ट.

जोडाचा रोध: १.४ ÷ ८.४५ = ०.१६६ ओहम
जोडातली शक्ती: १.४ × ८.४५ = ११.८ वॅट

बारा वॅट म्हणजे फार नाहीत असं वाटेल. छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते शिसं-कथिल वितळवतं. त्याच्या निम्मी उष्णता प्लॅस्टिकच्या बंद डबीत रोज वीस मिनिटं सोडली तर डबी टिकणार कशी?

आता डीबीपासून बाथरूमपर्यंतच्या वायरशी हे ताडून बघा. अडीच एमएमच्या तांब्याला मीटरमागे ०.००७४१ ओहम. अंतर २० मीटर, जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.२९६ ओहम. ड्रॉप २.५ व्होल्ट, उष्णता २१ वॅट. जोडाच्या जवळपास दुप्पट, पण ४० मीटरवर पसरलेली. मीटरमागे अर्धा वॅट, हाताला जाणवतही नाही. म्हणून एकूण ओहम बघून उपयोग नाही, ते ओहम कुठे बसलेत ते बघायचं.

या हिशेबात एक चूक इतकी नेमाने होते की वेगळी सांगायला हवी. ०.१६६ ओहम सापडले की कुणीतरी व्होल्टचा वर्ग भागिले ओहम करतं आणि त्यात २२५ घालतं. उत्तर येतं तीन लाख वॅट! सूत्र बरोबर आहे, घातलेला व्होल्ट चुकीचा. २२५ व्होल्ट आख्ख्या सर्किटवर आहेत, जोडावर फक्त १.४ आहेत. ज्या तुकड्याचे वॅट काढायचे त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट घ्यायचे. त्यापेक्षा करंटचा वर्ग गुणिले ओहम वापरलेलं बरं. करंट सगळीकडे तोच असतो, चुकायला जागा नाही.

एमसीबीला हे का कळत नाही

जोड बिघडला की सर्किटचा रोध वाढतो आणि करंट थोडासा घटतो. जोड चांगला असता तर करंट ८.५० असता, आता ८.४५ आहे. एमसीबी करंट वाढण्याची वाट बघतो, इथे तो घटलाय. आरसीसीबी गळती बघतो, गळती नाहीच. पाणी तापायला लागणारा वेळसुद्धा काही सांगत नाही: १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला एकोणीस-वीस मिनिटांत फक्त पंधरा सेकंद जास्त. वास येईपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही.

आणि हा दोष स्वतःलाच वाढवत नेतो. उष्णतेने पितळी पकडीचा ताण जातो, ती सैल होते. सैल जागेत हवा जाऊन काळा थर धरतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. ०.१६६ चे ०.५ ओहम झाले की करंट ८.३५ वर येतो, पण जोडात ३५ वॅट निघतात. नुसता प्लग बदलून भागत नाही त्याचं कारण हेच. जुन्या सॉकेटची पकड आधीच मेलेली असते. नवी चकचकीत पिन त्याच ढिल्या पकडीत जाते आणि चार महिन्यांत तिची तीच गत होते.

दुरुस्ती

प्लग आणि सॉकेट एकदमच बदला, दोन्ही १६ अँपिअरचे, आयएसआय मार्कचे, शक्यतो एकाच कंपनीचे. पिन आत जाताना नीट जोर लागला पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी गेली तर ते सॉकेट दुकानातच परत करा.

वायर काळी पडली असेल तिथून मागे कापत जा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. कधीकधी दहा सेंटिमीटर जातं. इन्सुलेशन वाकवल्यावर तडकत असेल तर आणखी मागे. सॅंडपेपरने घासून तेच टोक पुन्हा वापरणं ही पैशाची नाही, फक्त दहा मिनिटांची बचत. भिंतीतली वायर तोकडी पडली तर पीळ मारून टेप गुंडाळू नका, ३२ अँपिअरचा कनेक्टर लावा.

टोकाला पिन थिंबल (वायरच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) घालून पक्कडीने नाही, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा. थिंबल नसेल तर दहा-बारा मिलिमीटर सोलून, सगळे तंतू एकत्र पिळून, दुमडून स्क्रूखाली. एकही तंतू बाहेर नको आणि स्क्रूखाली इन्सुलेशनही नको. त्यावर सोल्डर लावण्याची सवय बऱ्याच जणांना असते. नीटनेटकं दिसतं, पण सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात स्क्रू ढिला होतो. पंधरा दिवसांनी एमसीबी बंद करून स्क्रू एकदा पुन्हा आवळा. तंतू बसतात, अर्धा फेरा हमखास मिळतो.

मग तीच मोजणी, त्याच दोन जागी. आता ०.२४ व्होल्ट आले तर केबलचे ०.१७ वजा करून ०.०७ उरले. गुणिले ८.५ म्हणजे ०.६ वॅट. इतकं चालतं. सगळे जोड मिळून ०.१ व्होल्टच्या आत असेल तर काही करू नका. ०.३ च्या वर गेलं तर उघडून बघा. अर्ध्या व्होल्टला त्या दिवशी गिझर लावूच नका.

न्यूट्रलच्या बाजूलाही हेच सगळं करायचं. फेज तपासून थांबणारे खूप, पण करंट दोन्हीकडून तेवढाच जातो. कोणती पिन काळी पडली ते आधी पाहून ठेवा. अर्थची पिन काळवंडली असेल तर ती बहुतेक शेजारच्या उष्णतेनेच. बोर्डावरचा स्विचही असाच जळतो. त्याच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरवर क्लिपा लावून ड्रॉप बघता येतो.

३००० वॅटच्या इन्स्टंट गिझरला प्लग ठेवूच नका, हे आमचं स्पष्ट मत. १३ अँपिअर जातो. ०.०२ ओहमचा जो जोड साठवणीच्या गिझरला दीड वॅट तापतो तोच इथे ३.४ वॅट तापतो. ४ एमएमची वायर ओढून २० अँपिअरच्या डीपी स्विचवर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) थेट जोडा, किंवा एसीला लावतात तो धातूचा २० चा बॉक्स बसवा. १५०० वॅटचा पाण्यात सोडायचा रॉड ६ अँपिअरच्या सॉकेटला लावणाऱ्यांनीही भागाकार करून बघावा: साडेसहा अँपिअर. १६ चं ६ करणारा अडॅप्टर मध्ये आला की जोडांची संख्याही दुप्पट.

हीच रीत पंखा किंवा पंपाला लावताना जपून. तिथे व्होल्ट भागिले अँपिअर केलं तर वाइंडिंगचे ओहम मिळत नाहीत, आणि गुणाकार केला तर खरे वॅट मिळत नाहीत, कारण मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एका तालात चालत नाहीत, म्हणजे पॉवर फॅक्टर मध्ये येतो. जोडावरचा ड्रॉप मात्र तिथेही तसाच मोजायचा, कारण जोड हा निव्वळ रोधच असतो.

प्लग, सॉकेट, स्विच सगळं नवं, ड्रॉप ०.१ च्या आत, तरी गिझर लावला की बोर्डावरचं व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त पडतंय असं दिसलं तर क्लिपा हलवा: एक डीबीतल्या एमसीबीच्या खालच्या वायरवर, दुसरी बोर्डात येणाऱ्या फेजवर. २० मीटर अडीच एमएमला एका बाजूचा ड्रॉप १.२६ व्होल्ट यायला हवा. १.३, १.४ आले तर वायर ठीक आहे. अडीच आले, तर जास्तीचे सव्वा व्होल्ट गुणिले साडेआठ म्हणजे दहा-साडेदहा वॅट मधल्या कुठल्यातरी जंक्शन बॉक्समध्ये, प्लॅस्टरच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या आड निघतायत. तो बॉक्स सापडून उघडेपर्यंत गिझरचा एमसीबी खाली पाडून ठेवा.